चार तास, चार दिवस

रजा संपली तेव्हा शेटे सिस्टरनं
केसपेपरच्या पाठीमागं लिहून दिलं:
बाहेर चार तास.
फ्रीजमध्ये चार दिवस, आत, मागच्या बाजूला.
दारात ठेवायचं नाही, दार सारखं उघडतं.
बर्फाच्या पेटीत एक दिवस, बर्फ बर्फ असेपर्यंत.
खाली तिनं दोन रेघा ओढल्या,
मी वेबिलाखाली ओढते तशा.

वेळा पाठ करायची मला सवयच.
कराड सहा दहा, पाटण सव्वासात,
कोयनानगर आठ, मग घाट,
चिपळूण साडेनऊ, उशीर झाला तर पावणेदहा.
आता त्यातच एक पांढरी गाडी धरायची,
जी माझ्याच अंगातून सुटते
आणि थांब्यावर कुणी हात दाखवायची वाट बघत नाही.

हेळवाकला मागच्या सीटवर
कुणाचं तरी पोर रडलं,
माझ्या खाकीवर दोन डाग उमटले.
तिकिटाचं मशीन छातीशी धरून मी म्हटलं,
पुढं सरका, सुट्टे काढून ठेवा.

चिपळूणच्या विश्रांतिकक्षाला कडी नाही.
एक पाय दाराला लावून बसायचं.
आधी हात धुवायचे, कोपरापर्यंत.
बाटली रात्रीच उकळून आणलेली.
भिंतीवरच्या पालीकडं बघत लेकीचा चेहरा आठवायचा,
तरच पान्हा येतो,
पालीचा आठवला तर येत नाही.
मग चिकटपट्टी फाडायची,
तारीख, वार, वेळ,
आणि सवयीनं एकदा मी फेरीचा नंबरही लिहिला.

ड्रायव्हर दस्तगीरभाईंकडं छोटी पेटी आहे,
इन्सुलिनसाठी, निळ्या झाकणाची.
त्यांनी पहिल्या दिवशीच ती पुढं केली,
माझ्या तोंडाकडं न बघता:
"माझी सुई बसती एका कोपऱ्यात.
तुमच्या लेकीची बाटली बसंल शेजारी."

त्या मंगळवारी घाटात गाडीचा पट्टा तुटला.
दुसरी गाडी यायला दुपारचे दोन वाजले.
प्रवासी करवंदाच्या जाळ्यांत पांगले,
मी पायरीवर बसून झाकण उघडत राहिले,
उघडू नये हे माहीत असून.
साडेअकराला बर्फाची कड दिसत होती.
साडेबाराला नुसतं पाणी, कोमट,
त्यात बाटली आडवी तरंगत होती.

आता चार तास कुठनं मोजायचे?
नऊ चाळीसपासून,
की बर्फ वितळला तेव्हापासून,
की तो वितळतोय हे मला कळलं तेव्हापासून?
मशीनला विचारलं असतं
तर त्यानं तिकीट काढून दिलं असतं.

घरी पोचले पाच वाजता.
आत्याबाईंनी बाटली उजेडात धरली.
"साय धरलीय की गं, बघ तर. नासलं असतं तर फाटलं असतं.
म्हशीचं आपण दोन टायमाला उकळतो,
ह्याला उकळून बघू?"
मी वास घेतला. वास काहीच नव्हता,
थोडा साबणाचा, थोडा माझा.
तरीही मी मान हलवली.

त्या काही बोलल्या नाहीत.
मोरीत मात्र ओतू दिलं नाही,
पायाखाली येतं म्हणाल्या.
मागच्या दारी कढीपत्त्याच्या बुडाशी
हळूहळू, लेकराला भरवतात तसं, त्यांनी ओतलं
आणि वर मूठभर माती लोटली, मुंग्या येतील म्हणून.
शंभर मिली. मला रेघ दिसत होती.

बाटली धुताना पट्टी सुटून माझ्या अंगठ्याला चिकटली.
लेक तोपर्यंत जागी झाली होती,
घाईघाईनं पदराखाली शिरली
आणि पिता पिता तिनं तोच अंगठा धरला,
घट्ट, बसची दांडी धरतात तसा.
शाई ओली होऊन पसरली.
मंगळवार गेला, चाळीस गेले.
नऊ तेवढा राहिला.